पहिली पसंती, शून्य

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

ठरलं. यंदा मंडळावर जायचं.

वही नवी आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. आमचं सॉफ्टवेअर छोट्या ग्रंथालयांसाठी आहे. पुस्तक कोणी नेलं, कधी आणलं, सभासद कोण, एवढंच त्याचं काम. त्याला मालक नाही. कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. आम्ही त्रेचाळीस जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते चालवतो. एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत, जे काही होतं ते मेलिंग लिस्टवर. वर पाच जणांचं मंडळ, दर दोन वर्षांनी निवडणूक. आमची लेखी घटना पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

प्रत्यक्षात सगळं एका माणसाच्या हातात आहे. मूळ कोड त्यांनी लिहिला, सतरा वर्षांपूर्वी. त्यांचं नाव लिहून वही खराब करणार नाही. मी त्यांना कुलूपवाले म्हणते. चर्चा जरा रंगात आली की ते तिला कुलूप लावतात आणि खाली एक ओळ टाकतात: "पुरे झालं. कामाला लागा."

माझ्या सहा चर्चांना आजवर कुलूप लागलंय. हा विक्रम असावा.

संकल्प: एक, रागवायचं नाही. दोन, रोज एक मुद्देसूद मेल. तीन, रागवायचं नाही.

५ फेब्रुवारी

रागावले. पण कारण होतं.

माझा बदल सात ओळींचा आहे. अकरा महिने पडून आहे. आज विनम्रपणे आठवण केली, तर कुलूपवाल्यांचं उत्तर: "चाचणी नाही. चाचणी जोडा."

मी ऑफिसात दिवसभर चाचण्याच, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारा कोडच लिहिते. तीच माझी नोकरी आहे, प्रिंटरशेजारच्या टेबलावर, सकाळी साडेनऊ ते सहा. नोकरीसाठी चाचण्या लिहिणं वेगळं. पण न्यायाची मागणी करताना कसली चाचणी जोडायची? तत्त्वाचा प्रश्न आहे. नाही जोडणार.

६ फेब्रुवारी

त्या सात ओळी कशाच्या, तेही लिहून ठेवते, कारण उद्या मंडळावर गेल्यावर भाषणात लागेल.

गेल्या मार्चमध्ये आईला घेऊन आमच्या गल्लीच्या टोकाच्या ग्रंथालयात गेले होते. आई चौथीपर्यंत शिकली. दिवसभर पप्पांच्या शिवणाच्या दुकानात बसून काज-बटणं करते. मोठ्या अक्षरातल्या गोष्टी वाचायला तिला आवडतं, म्हणून सभासद करायचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी नाव घेतलं, पत्ता घेतला आणि अडल्या. शिक्षणाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. यादीत पहिला पर्याय दहावी, शेवटचा पीएच.डी. दहावीच्या खाली काही नाहीच. बाई म्हणाल्या, काय करू, कम्प्युटर पुढेच जाऊ देत नाही.

मागे रांग होती. आई म्हणाली, "राहू दे गं." आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर गेली.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझी पदवी दुकानात आरशाच्या वर टांगलेली आहे, गिऱ्हाईक कोट घालून बघतं तेव्हा त्याच्या डोक्यावर येते. आणि माझ्या आईला एक रकाना आत येऊ देत नाही. त्याच संध्याकाळी मी त्या सॉफ्टवेअरचा कोड उघडला. आठवड्याभरात सात ओळी लिहिल्या: रकाना ऐच्छिक.

आईसमोर तेव्हापासून ग्रंथालयाचं नाव काढलेलं नाही. जखमेवर बोट ठेवायचं नाही. बदल आत गेला की एकदम कार्डच आणून हातात द्यायचं.

९ फेब्रुवारी, दुपारी

रविवार. दुकानात बसून होते. पप्पांशी वाद.

पप्पांच्या टेपचा पहिला इंच झिजून गेलाय. आकडेच दिसत नाहीत. म्हणून ते एकच्या खुणेपासून माप धरतात आणि शेवटी एक वजा करतात. तीस वर्षं. मी त्यांना समजावलं की मोजणी शून्यापासून व्हायला हवी, सगळं शास्त्र शून्यापासून मोजतं, आमच्या कोडमध्ये रांगेतला पहिला हा शून्य क्रमांकाचाच असतो. पप्पांनी तोंडातली टाचणी काढली आणि विचारलं, "मग शून्य नंबर आलेल्याला तुमच्यात बक्षीस देतात?"

दादा हसला. दादा शाळेची बस चालवतो, त्याला कशावरही हसू येतं.

नवा टेप आणून देणार आहे. बटणांच्या ड्रॉवरवर कुणा गिऱ्हाइकाचं पुस्तक राहिलंय. ग्रंथालयाचा शिक्का दिसला. लोकांना मिळतं तर किंमत नाही.

१३ फेब्रुवारी, लंच टाइम

कुलूपवाल्यांचं पुन्हा तेच: "चाचणी." या वेळी जोडा हे क्रियापदसुद्धा नाही. एक शब्द. कुत्र्याला हाक मारतात तसा.

निर्णय घेतला. आजपासून या माणसाचं एक अक्षर वाचायचं नाही. मेलमध्ये फिल्टर लावला: त्यांच्या नावानं येणारं सगळं थेट एका फोल्डरमध्ये, न वाचता. फोल्डरचं नाव अंधारकोठडी. लिस्टवरचं असो, मला एकटीला असो, सिस्टीमनं त्यांच्या वतीनं पाठवलेलं असो, सगळं तिकडे.

पलीकडच्या टेबलावरची विचारत होती, का हसतेयस. तिला म्हटलं, मनःशांती.

१४ फेब्रुवारी

खरंच मनःशांती. इनबॉक्स निम्मा झाला. लिस्टवर एवढा वेळ हा एकच माणूस बोलत होता, हे आता सिद्ध झालं.

२० फेब्रुवारी

उमेदवारी अर्जांची मुदत काल संपली. मंडळाच्या सचिवांनी लिस्टवर कळवलं: जागा पाच, अर्ज पाच. चार जण जुनेच. पाचवी मी. कुलूपवाले यंदा उभे नाहीत, ते निवडणूक अधिकारी आहेत. माझी धास्ती घेतली.

पुढे नियम: अर्ज जागांइतकेच असतील तर बहात्तर तास वाट बघायची. कुणी हरकत घेतली नाही तर सगळे बिनविरोध निवडून आले असं समजायचं. आमच्याकडे सगळंच असं चालतं. प्रस्ताव मांडायचा, बहात्तर तास कुणी काही बोललं नाही तर संमती. गप्प म्हणजे हो.

चौकशी केली तर कळलं की गेल्या आठ वर्षांत मतदान झालेलंच नाही. एकदाही नाही. दर वेळी पाचाला पाच. एकदा तर चारच होते, पाचव्याला फोन करून आणला.

ही निवडणूक म्हणायची?

२२ फेब्रुवारी

घरी सांगितलं. दादाचं म्हणणं, गप्प बस, उद्या संध्याकाळी आपोआप निवडून येतेस, संचालिका बाई. पप्पा म्हणाले, गप्प बसायला हिला कुठलं कापड पुरणार.

त्यांना कळणार नाही. बिनविरोध म्हणजे काय? कुणालाच नको होतं म्हणून मिळालं. मला असं आयतं नको. मतं मोजून, समोरच्याला हरवून यायचंय, म्हणजे कुलूपवाल्यांना तोंड उघडायला जागा उरणार नाही.

२३ फेब्रुवारी, सायंकाळी ५.२०

एकाहत्तराव्या तासाला हरकत नोंदवली. ऐतिहासिक क्षण. दुकानात बसून पाठवली.

"बिनविरोध निवड ही लोकशाहीची थट्टा आहे. मतदान व्हायलाच हवं." खाली घटनेतली चार कलमं.

मंडळातल्या चौघांपैकी एकानं लिहिलं की मतदान व्हायला सहावा उमेदवार लागेल, तो कुठून आणायचा. मी लिहिलं, अर्जाची मुदत वाढवा, मी आणते. त्यावर कुणाचंच उत्तर नाही. गप्प म्हणजे हो.

२४ फेब्रुवारी

सभासदांची यादी काढून बसले. त्रेचाळीसमधून पाच वजा, कुलूपवाले वजा, सदतीस.

पहिल्या अकरांना लिहिलं. नऊ जणांनी उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं, माझं लहान मूल आहे. एकानं लिहिलं, माझ्यावर असली वेळ आणू नका, मी तुमचं काय वाईट केलं?

बेजबाबदार लोक. कोड लिहायला पुढे आणि जबाबदारी आली की मूल.

२६ फेब्रुवारी

आणखी चौदांना लिहिलं. नकार. एकानं सभासदत्वच सोडलं. आता बेचाळीस.

२७ फेब्रुवारी, सकाळी

सापडला.

हा माणूस सहा वर्षं सभासद आहे आणि लिस्टवर त्यानं अजून एक वाक्य लिहिलेलं नाही. प्रत्येक मेलला नुसता अंगठा दाखवतो, उभा अंगठा, मान्य असल्याची खूण. कुलूपवाल्यांनाही अंगठा, मलाही अंगठा. मी मनात त्याला अंगठेबहाद्दर म्हणते. भांडणाच्या दोन्ही बाजूंना अंगठा देणारा असा पाठीचा कणा नसलेला प्राणी दुसरा नाही.

त्याला दीड पान लिहिलं: लोकशाहीला तुमची गरज आहे, जिंकण्याचा प्रश्न नाही, फक्त उभं राहायचं.

उत्तर: अंगठा.

त्याचा अर्ज मीच भरला.

२ मार्च, रविवार

आमच्या इमारतीची सभा झाली. गच्चीवर खुर्च्या टाकल्या होत्या. सेक्रेटरी कोण होणार यावर सगळे पाय बघत बसले. आई दूध गॅसवर ठेवून आली होती म्हणून पाच मिनिटांसाठी खाली गेली. वर आली तोपर्यंत तिची निवड झालेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नाव सुचवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहून सांगितलं की उमेदवाराच्या गैरहजेरीत, तिच्या संमतीशिवाय झालेली ही निवड बेकायदा आहे. काकू म्हणाल्या, "मग तू होतेस का?" मी म्हटलं मला वेळ नाही, माझी निवडणूक आहे.

आई म्हणाली, द्या इकडे त्या किल्ल्या.

माझ्या घरात हे व्हावं. दादा म्हणतो, एकीला नको होतं तिला दूध उतू जायच्या आत मिळालं, आणि दुसरी महिनाभर पत्रं लिहितेय.

४ मार्च

जाहीरनामा टाकला. तीन हजार शंभर शब्द. पहिला मुद्दा अर्थातच शिक्षणाचा रकाना: "बारा महिने अडवून ठेवलेल्या या बदलाला मंडळावर जाताच मी वाट करून देईन. हा सात ओळींचा नव्हे, आत कोण येऊ शकतं याचा प्रश्न आहे." वाचताना मलाच भरून आलं.

५ मार्च

अजून कुणीच काही बोललेलं नाही. विचार करत असतील. तीन हजार शंभर शब्द आहेत.

६ मार्च

एक उत्तर आलं. मंडळातल्या चौघांपैकी त्याच एकाकडून: "पहिला मुद्दा झालाय ना?"

निर्लज्जपणा बघा. झालाय ना. म्हणजे मुद्दा जुना झाला, लोकांना कंटाळा आला, आता सोडा. लोकांची वेदना यांच्यासाठी 'झालेली' असते. मी एका ओळीत उत्तर दिलं: "तुमच्यासाठी झाला असेल." त्यावर तो गप्प. अंगठेबहाद्दरानं आम्हा दोघांनाही अंगठा दिला.

त्या बदलाच्या पानावर मी मुद्दाम जात नाही. पुन्हा ते 'चाचणी' वाचलं तर भाषा बिघडेल. प्रचारात भाषा चांगली हवी.

७ मार्च, सायंकाळी ६

बहात्तर तास झाले. जाहीरनाम्याला एकही हरकत नाही. आमच्या नियमानं तो एकमतानं मंजूर झाला.

जनमताचा अंदाज काढला. उत्तर न देणारे, म्हणजे संमती: तेहतीस. अंगठा: एक. विरोधात: तो एक, आणि कुलूपवाले. काठावर धरावेत असे पाच. सगळं सावधपणे धरून मला एकोणतीस मतं पक्की.

पलीकडच्या टेबलावरचीला आकडेमोड दाखवली. ती म्हणाली, उत्तर न देणाऱ्यांनी मेल उघडलाच नसेल तर? हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. चाचण्या लिहून लिहून माणूस असा होतो.

९ मार्च

दुकानात पप्पांना नवा टेप दिला. त्यांनी हातात घेतला, चांगला आहे म्हणाले आणि मशीनच्या खणात ठेवला. माप जुन्यानंच घेत होते.

बटणांच्या ड्रॉवरवर पुन्हा कुणाचं तरी पुस्तक. वेगळं. या गिऱ्हाइकांना घरदार नाही का? आईला म्हटलं, ज्याचं असेल त्याला परत कर. ती म्हणाली, हो, शनिवारी करायचंच आहे.

१० मार्च, सकाळी ८.४०

मतदान सुरू. आठवडाभर चालेल. सिस्टीमकडून लिंक आली. सहा नावं, प्रत्येकासमोर एक चौकोन, चौकोनात पसंतीचा क्रम लिहायचा. सहा जणांत ज्याला पहिल्या पसंतीची मतं सर्वांत कमी, तो बाहेर. इतकं सोपं. खाली नियमांची लांबलचक लिंक होती, ती उघडली नाही. जे नियम मीच महिन्याभरात बदलणार आहे ते आता वाचून काय करू.

स्वतःच्या नावासमोर लिहिलं: ०.

मुद्दाम. आम्ही शून्यापासून मोजणारी माणसं आहोत. पहिला तो शून्य. मत गुप्त असतं, तरी मतपत्रिका नंतर नावांशिवाय प्रसिद्ध होतात. ज्याला कळायचं त्याला कळेल की ही खऱ्या प्रोग्रॅमरची मतपत्रिका आहे.

मग १ कुणाला द्यायचा? चौघांपैकी कुणालाच नाही, जीव गेला तरी नाही. अंगठेबहाद्दराला दिला. बिचारा माझ्या शब्दाखातर उभा राहिला, एकही मत मिळणार नाही त्याला. कुणाच्या तरी दुसऱ्या पसंतीत असावा एवढंच. बाकी चौघांना २, ३, ४, ५, आवाजाच्या उतरत्या क्रमानं.

पाठवलं. छातीवरचा भार गेला.

१२ मार्च

आभाराचं भाषण लिहायला घेतलं. कुलूपवाल्यांचा उल्लेख करावा का? मोठेपणा दाखवावा का? एका वाक्यात दाखवावा. "मतभेद असले तरी त्यांच्या सतरा वर्षांच्या" इथपर्यंत आले आणि पुढे सुचलं नाही.

१५ मार्च

आईनं दोन आठवड्यांत इमारतीच्या जिन्यातले तिन्ही दिवे लावून घेतले. चार वर्षं बंद होते. विचारलं, ठराव केला होता का? ती म्हणाली, दिवे आणले आणि वायरमनला बोलावलं, ठराव कशाला करायचा.

तिला कार्यपद्धती समजावून सांगायला हवी. निवडून आल्यावर.

१८ मार्च, लंच टाइम

निकाल. सचिवांनी लिस्टवर टाकला. एकोणचाळीस मतं पडली. ते चौघे: नऊ, आठ, सात, सहा. अंगठेबहाद्दर: पाच. मी: चार.

काहीतरी चूक आहे.

१८ मार्च, दुपारी ३

चूक नाही. मतपत्रिका प्रसिद्ध झाल्या आहेत. एकोणचाळीस ओळी. सतराव्या ओळीत आकडे ०, १, २, ३, ४, ५. पुढे शेरा: "शून्य म्हणजे कोरा चौकोन. पहिली पसंती १ धरून मोजले."

त्या ओळीतला १ कुणासमोर आहे ते मला माहीत आहे.

हिशेब केला. तीन वेळा केला. माझं मत मला पडलं असतं तर मी पाच, तो चार.

प्रिंटर सुरू झाला, बरं झालं. पलीकडच्या टेबलावरचीनं विचारलं काय झालं. म्हटलं, डोळ्यात टोनर गेला.

१८ मार्च, सायंकाळी

जिन्यानं वर आले. तीन दिवे लख्ख. नेमका आज अंधार हवा होता.

दादाला सांगावं लागलं, कारण त्यानं विचारलं. तो हसला नाही. मी म्हटलं, हस. तर म्हणाला, "अगं, सोड ना. तू उभं केलंस म्हणून तो उभा राहिला, आणि तू मत दिलंस म्हणून निवडून आला. याहून जास्त कुठला पुढारी काय करतो?"

पप्पांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. पहिल्याला शून्य म्हणायचं, पण मोजणारे एकपासून मोजतात, बरोबर? मग म्हणाले, शेवटी एक वजा करायचा असतो ना, तोच राहिला.

जेवले नाही. मग जेवले.

१९ मार्च, सकाळी

अंगठेबहाद्दराचा मेल आला. त्याचं आयुष्यातलं पहिलं वाक्य असावं. "तुम्ही सांगितलंत म्हणून उभा राहिलो. मला हे नको होतं. पण पाच जणांनी मत दिलं, आता नाही कसं म्हणू? मंडळावर काय करायचं असतं?"

उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी अंगठा दिला.

संकल्प: निकालाला आव्हान द्यायचं. शून्याच्या नियमाची कुणालाही पूर्वसूचना दिलेली नव्हती. लेखी पुरावा मागायचा. ही माझी चूक नाही, निवडणूक अधिकाऱ्याचा कट आहे. या माणसाला माहीत होतं की मी शून्यापासून मोजते.

२० मार्च, सकाळी ७.३०

पुरावा गोळा करायला अंधारकोठडी उघडली. पाच आठवड्यांनंतर. चौदा मेल.

९ मार्चचा, सगळ्या लिस्टला: "उद्या मतदान. आकडे १ पासून. शून्य म्हणजे कोरा चौकोन. आपल्यात प्रोग्रॅमर जास्त, म्हणून मुद्दाम सांगतो." खाली अठरा जणांचे अंगठे.

म्हणजे पूर्वसूचना होती. आव्हानाचा मुद्दा एक रद्द. मुद्दा एकच होता.

उरलेले वाचायचे नव्हते. वाचले.

१७ फेब्रुवारी, मला एकटीला: "तुमची चाचणी मीच लिहिली. वीस मिनिटं लागली. तुमच्या नावावर जोडली आहे. बघून घ्या."

२१ फेब्रुवारी, मला एकटीला: "बघितलंत का? बहात्तर तास थांबतो. हरकत नसेल तर आत घेतो."

२४ फेब्रुवारी, सिस्टीमकडून, त्यांच्या नावानं, सगळ्या लिस्टला: बदल स्वीकारला. शिक्षणाचा रकाना ऐच्छिक. खाली त्यांची ओळ: "उत्तर नाही, म्हणजे हो. पुढच्या वेळी चाचणी स्वतः लिहा."

ज्या दिवशी मी सहाव्या उमेदवारासाठी पहिली अकरा पत्रं लिहीत होते, त्याच दिवशी. जाहीरनाम्याच्या आठ दिवस आधी. म्हणजे ४ मार्चला मी जे तीन हजार शंभर शब्द टाकले त्यातला पहिला मुद्दा झालेला होता, आणि हे बेचाळीस जणांपैकी एकेचाळीस जणांना माहीत होतं.

माणसानं इतकं वाईट असू नये. कळवायची काही पद्धत असते की नाही?

२१ मार्च

वही दिवसभर उघडली नाही. आता शांतपणे विचार केला. पद गेलं, पण लढा जिंकला. रकाना निघाला. माझ्या सात ओळी आत आहेत, माझ्या नावानं, उद्या प्रत्येक ग्रंथालयात पोचतील. पद हे साधन होतं. साधन मिळालं नाही आणि साध्य मिळालं, असं किती जणांचं होतं? त्या पाचांना मंडळ लखलाभ.

गल्लीच्या टोकाच्या ग्रंथालयात विचारून आले. नवी आवृत्ती गेल्याच आठवड्यात बसली म्हणाले. काउंटरवरच्या बाई जागेवर नव्हत्या.

संकल्प: उद्या आईला घेऊन जायचं. फॉर्म तिच्या हातानं भरायचा. शिक्षणाचा रकाना तिनं रिकामा सोडायचा आणि कम्प्युटरनं तिला पुढे जाऊ द्यायचं. एवढं एक दृश्य मला बघायचंय.

२२ मार्च, शनिवार, सायंकाळी

दुकानात गेले. आईला म्हटलं, चल, ग्रंथालयात जायचंय, तुझं कार्ड काढायचंय, आता कुणी अडवणार नाही. का ते सविस्तर सांगितलं. तिनं बटण पूर्ण लावलं, दोरा दातानं तोडला आणि ड्रॉवरच्या तळातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

तिचं कार्ड. गेल्या एप्रिलमधलं.

मी नेलं होतं त्याच्या पुढच्याच महिन्यात ती एकटी गेली होती. काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, तुमचा कम्प्युटर अडतो तर काहीही लिहा, पण पुस्तक द्या. बाईंनी यादीतला शेवटचा पर्याय दाबला. कम्प्युटर पुढे गेला. दर शनिवारी एक पुस्तक. वर्षभर. बटणांच्या ड्रॉवरवर.

कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेलं आहे. नाव, पत्ता, आणि शिक्षण: पीएच.डी.

पप्पा मापं घेत होते, त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू त्या कम्प्युटरवर इतकी चिडलेली होतीस, म्हटलं उगाच कशाला.

मी तिला समजावलं की ही खोटी नोंद आहे, आता त्याची गरज राहिलेली नाही, रकाना ऐच्छिक झालाय, मी स्वतः केलाय, आज बाईंना सांगून तो कोरा करून घेऊ.

आईनं कार्ड उचललं, पदराला पुसलं आणि ड्रॉवरमध्ये परत ठेवलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आता मिळालीय तर असू दे."